येझदी उघडली तेव्हा

बंबातून काळाकुट्ट धूर यायला लागला तेव्हा सासूबाई आत अनारसे तळत होत्या. त्यांना आधी वाटलं, तूप जळलं. त्यांनी कढई उतरवली, नाक वर करून पुन्हा एकदा वास घेतला आणि झारा हातात तसाच धरून परसात आल्या.

"गिरिजा, बंबात काय घातलंय गं?"

गिरिजानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे पाहिलं. आप्पा कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघत होते.

"सायलेन्सरच्या आतली नळी आहे," शेवटी मीच म्हणालो. "कार्बन बसलाय तिच्यावर. जाळल्याशिवाय निघत नाही."

"आंघोळीच्या बंबात?"

"निखाऱ्यात टाकलीय. पाण्यात नाही."

"मग पाण्याला काय मोगऱ्याचा वास येणार हाय?"

त्या झारा हलवत आत गेल्या. आतून भांडी जरा जोरात वाजली. मी आप्पांकडे पाहिलं, तर त्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागानं असतील म्हणून मी चटकन मान खाली घातली. मग कळलं, ते हसू दाबत होते. आम्ही बार्शीला आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याच्या आदल्या हिवाळ्यात गिरिजानं आणि मी पुण्यात नोंदणी लग्न केलं होतं. दोघंही पाटबंधारे खात्यात होतो. ती टंकलेखक, मी आराखडे काढणारा. ती बार्शीच्या मल्लिनाथ शेट्यांची एकुलती एक मुलगी. शेटे लिंगायत, बाजार समितीत आडत दुकान, घरात कांदा-लसूणसुद्धा सोमवारी चालत नसे. आणि मी हरेश्वर नाखवा, अलिबागजवळच्या कोळीवाड्यातला. आमच्या घरात सोमवार सोडला तर चुलीवर मासळी नाही असा दिवस नाही.

आप्पा लग्नाला आले होते. अक्षता टाकल्या आणि पाणीही न घेता संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. जाताना गिरिजाला एवढंच म्हणाले, "मासे खाणाऱ्यांच्या घरात तू जेवणार काय?" तिनं काय जेवायचं ते सांगितलं नाही. वडिलांचं मन वळावं म्हणून ती म्हणाली, "आप्पा, त्यांच्या घरी बोट आहे. त्याला इंजिनातलं सगळं कळतं."

बोट होती, यात खोटं काही नव्हतं. बोटीला इंजिनही होतं. पण मला लहानपणापासून बोट लागायची. किनारा दिसेनासा होण्याआधीच मी कठड्यावरून ओणवा. शेवटी बाबा कंटाळून म्हणाले, "याला शाळेतच घाला." मी आराखडे काढणारा झालो तो असा. इंजिनाचा आणि माझा संबंध त्याच्या वासापलीकडे कधी गेला नव्हता.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि सासूबाईंनी हट्ट धरला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी जेवू घातलं नाही तर त्यांना चैन पडणार नव्हतं. आम्ही आठवड्याची रजा काढून आलो. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली, पुरणाचे धोंडे वाढले, नवे कपडे दिले. आप्पा मात्र माझ्याशी बोलत नव्हते. तसे ते उद्धट अजिबात नव्हते. जेवताना म्हणायचे, "गिरिजा, त्यांना तूप हवं का विचार." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला असायचो. मग मी म्हणायचो, "गिरिजा, नको म्हणावं." एका जेवणात गिरिजा एवढी दमली की ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि आम्ही दोघं मुकाट्यानं जेवलो.

एका सकाळी आप्पा परसातल्या कडुनिंबाखाली गेले आणि तिथल्या ताडपत्रीचं टोक धरून ती ओढली. खाली एक येझदी मोटारसायकल होती. काळी, गंजलेली, टाकीवर पक्ष्यांची घाण, सीट उंदरांनी पोखरलेली. ऐन उमेदीत आप्पा तिच्यावरून गावोगाव तूर खरेदी करत हिंडायचे. दुकान भाच्याच्या हाती दिलं तेव्हापासून ती तिथंच उभी होती.

"इंजिनातलं कळतं म्हणे," आप्पा झाडाला म्हणाले.

मागच्या दारात गिरिजा उभी होती. ती मला जोरजोरात मान हलवून खुणावत होती.

"थोडंफार," मी म्हणालो.

"मग उघडू या."

अशी सुरुवात झाली. आप्पांनी एक लाकडी पेटी आणली, त्यात पाने, पक्कड, हातोडी होती. मी जाणकारासारखी गाडीभोवती एक फेरी मारली. मनात एकच विचार होता की पहिला नट कुठला खोलायचा. आप्पा पाना घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आधी कुठलं खोलायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही नेहमी काय खोलता?"

आप्पांनी घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मी आजवर कधीच काही खोललेलं नाही. हिला वाटतं मला येतं. बिघडली की मी ढकलत बाजारापलीकडच्या मिस्त्रीकडं न्यायचो, आणि येताना हात काळे करून यायचो."

माझ्या जिवात जीव आला. "आप्पा," मी म्हणालो, "मलाही येत नाही. गिरिजानं आपलं ठोकून दिलं."

त्यांनी पुन्हा घराकडे पाहिलं. मग पाना माझ्या हातात देत म्हणाले, "आता उघडू या म्हणालोय. दोघी आतून बघताहेत."

तेव्हा मला सुचलं की मला एक गोष्ट नक्की येते, ती म्हणजे चित्र काढणं. निघेल तो प्रत्येक भाग जसा निघाला तसा मी परसातल्या फरशीवर खडूनं काढून ठेवू लागलो. कुठला नट कुठे होता, कुठली वायसर कशाखाली, बाण, क्रमांक, सगळं. आप्पा वाकून बघायचे आणि चित्रावर नेमका तोच भाग ठेवायचे. दुपारपर्यंत अर्धी येझदी फरशीवर पसरली होती आणि सासूबाईंना परस झाडायची बंदी झाली होती.

हात कामात असले की आप्पांना बोलायला जमायचं. आधी गाडीबद्दलच बोलले. हिचा किकचा दांडा हाच पुढे दाबला की गिअरचा दांडा होतो, हे मला त्यांनी इतक्या कौतुकानं दाखवलं की जणू ती युक्ती त्यांचीच. मग तुरीच्या खरेदीबद्दल बोलले. लहानपणी गिरिजा टाकीवर बसून यायची आणि शेतकऱ्याच्या अंगणात उतरल्याबरोबर मलाच आधी गूळ द्या म्हणायची, ते सांगितलं. सायलेन्सरची नळी तासताना त्यांनी विचारलं, "समुद्रात वाट कशी कळते? तिथं झाड नाही, बांध नाही."

मी सांगितलं. चांदण्या, वारा, किनाऱ्यावरच्या डोंगराचा आकार. मला बोट लागते हेही सांगितलं. कोळ्याच्या मुलाला बोट लागते हे ऐकून ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

आणि मग एकदा, पिस्टनवरचा कार्बन खरवडता खरवडता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "माशाची चव कशासारखी असते?"

मी बुचकळ्यात पडलो. "पापलेट असेल तर... ओल्या खोबऱ्याच्या जवळपास. थोडी गोडसर."

"गोडसर?" ते विचारात पडले. "मला वाटायचं कडू असेल."

"नाही, आप्पा."

"मग ठीक आहे," असं म्हणून ते पुन्हा खरवडायला लागले. काय ठीक आहे ते मला कळलं नाही.

आठवड्याच्या अखेरीस गाडी जवळजवळ जुळली. घासलेला पिस्टन, साफ केलेले ठिणगीचे पॉइंट, क्लचच्या नव्या प्लेटी. फक्त कार्ब्युरेटर बसवायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी आमचं पुण्याचं आरक्षण होतं. त्या संध्याकाळी मी चित्राजवळ गेलो तर मुख्य जेट जागेवर नव्हतं. जेट म्हणजे एक पितळी स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. पेट्रोल त्यातून मोजून जातं. ते नसेल तर गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं.

घरात धांदल उडाली. गिरिजानं केरसुणीनं फरशीचा कोपरान् कोपरा झाडला. सासूबाईंनी गव्हाची चाळणी आणली आणि परसातली माती चाळली. चाळणीत खडे आले, एक बटण आलं, कधीकाळी हरवलेलं गिरिजाचं कानातलं आलं. जेट आलं नाही.

"कावळ्यानं नेलं असेल," आप्पा म्हणाले. "चकाकतं ना. इथं मिळायचं नाही. उद्या सोलापूरला जावं लागंल."

"उद्या आम्ही निघणार, आप्पा," गिरिजा म्हणाली.

"मग तशीच अर्धी टाकून जाणार?" हे त्यांनी मला थेट विचारलं. गिरिजाकडे बघितलंही नाही.

सकाळच्या एसटीनं आप्पा आणि मी सोलापूरला गेलो. उतरल्यावर आप्पा म्हणाले, आधी चहा घेऊ. स्थानकासमोरच्या हॉटेलात आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला. पैसे मी काढायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "जावई पैसे देतो होय?" त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढून गल्ल्यावर उघडली.

नाण्यांच्या मधोमध जेट होतं.

मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं. गल्ल्यावरच्या माणसानं ते उचललं आणि म्हणाला, "हे चालत नाही, मालक." आप्पांनी ते त्याच्या हातातून घेतलं, खिशात ठेवलं, सुटे पैसे दिले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी शेजारी जाऊन उभा राहिलो. हे घरी सांगितलं तर या माणसाला आपल्याच घरात मान वर करता येणार नाही, एवढंच मला तेव्हा वाटलं.

"सुट्या भागांची दुकानं कुठल्या बाजूला आहेत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग हात वर करून दिशा दाखवली.

आणि आम्ही खरोखरच दुकानं हिंडलो. खिशात जेट घेऊन जेट शोधत. पहिल्या दुकानात नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. आप्पा हळूहळू सैलावले. दुकानदाराशी ऐसपैस गप्पा मारू लागले, येझदीचं वर्णन करू लागले, मला पुढे करून म्हणाले, "इंजिन यांनी पूर्ण उघडलं." तिसऱ्या दुकानातला म्हातारा मात्र आत गेला, डबे खडखडवले आणि बाहेर येऊन गल्ल्याच्या काचेवर एक पितळी जेट ठेवलं. हुबेहूब तेच.

"घ्या. नशीबवान आहात. हे आता कुठं मिळत नाही."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी जेट उचललं, उजेडात धरलं, डोळ्याजवळ नेलं. "नंबर वेगळा दिसतोय," ते अडखळत म्हणाले.

"नंबर तोच आहे," म्हातारा म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि एक डोळा मिटून भोकातून आरपार पाहिलं, जसं काही मी जन्मभर हेच करत आलो होतो.

"भोक मोठं आहे," मी म्हणालो. "आमच्या गाडीला चालणार नाही. पेट्रोल फार ओढेल."

"बघा," आप्पा म्हाताऱ्याला म्हणाले, "यांना कळतं."

बाहेर पडल्यावर आम्ही कोपऱ्यापर्यंत गंभीर चेहऱ्यानं चाललो. कोपऱ्यावर वळलो आणि आप्पा भिंतीला हात टेकून हसायला लागले. मीही हसलो. येणारे-जाणारे बघत होते. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "हरेश्वर, रजा वाढवून मिळंल का?" माझं नाव त्यांच्या तोंडून तोवर मी ऐकलं नव्हतं. "नाव तर शंकराचंच आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. आम्ही तार ऑफिसात गेलो आणि मी पुण्याला दोघांच्या रजावाढीची तार केली.

संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना मी गिरिजाला सगळं सांगितलं. "त्यांना तुझी किती सवय असेल बघ," मी म्हणालो. "तू जाऊ नयेस म्हणून त्यांनी जेट लपवलं."

गिरिजानं कुरडया तशाच खाली ठेवल्या आणि ओठ मुरडले. "माझ्यासाठी? काल संध्याकाळी मला काय म्हणाले माहितीय? 'तुझी रजा संपत असंल तर तू हो पुढं. त्यांना राहू दे चार दिवस.'" तिनं माझ्याकडे बघितलं. "मी दुपारभर त्यांच्यासमोर असते. माझ्याशी बोलतात का? अरे, तुम्ही दोघं त्या झाडाखाली एवढं काय बोलता, हे आई रोज मला विचारते."

मी कुरडया उचलायच्या सोडून कठड्याशी गेलो. खाली परसात आप्पा माझ्या खडूच्या चित्रांवरून जपून पाय टाकत चालले होते. कुठली रेघ पुसू नये म्हणून धोतर वर धरलं होतं.

आणखी चार-पाच दिवस आम्ही तिथं राहिलो. गाडीला करण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी आम्ही रोज काही ना काही काढलं. चाकांच्या तारा घासल्या. सीट शिवून घेतली. टाकीला रंग दिला. मग एका सकाळी, आम्हाला निघायला एक दिवस उरला असताना, आप्पा कडुनिंबाच्या मुळाशी वाकले आणि ओरडले, "सापडलं!"

सासूबाई धावत आल्या. "तिथं मी स्वतः चाळलंय."

"चाळणी मोठी होती तुझी."

"मोठी असती तर बटण कसं राहिलं?" त्यांनी आप्पांकडे रोखून पाहिलं, मग माझ्याकडे. मी कार्ब्युरेटरमध्ये तोंड खुपसलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "सापडलं ते सापडलं," आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसरीला झाडावरचे पक्षी उडाले. त्यानंतर किती मारल्या कोण जाणे. आप्पा दमले की मी, मी दमलो की आप्पा. आणि मग एकदा ती खोकली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. परस निळ्या धुरानं भरून गेलं. गिरिजा टाळ्या वाजवत होती. सासूबाईंनी येझदीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आधी मला खोबऱ्याचा तुकडा दिला.

"चला, बसा," आप्पा म्हणाले. "गावात एक चक्कर."

मी मागे बसलो. बाजारपेठेतून जाताना गाडीच्या आवाजानं लोक वळून बघत होते. एका औषधाच्या दुकानासमोर लांब बाकावर आप्पांच्या वयाची काही मंडळी बसली होती. आप्पांनी गाडी तिथं लावली.

"शेटे!" एक टक्कल पडलेले गृहस्थ उठले. "लग्नापासून तोंड दाखवलं नाहीत. आम्हाला वाटलं, आमच्यावर रागावलात."

"वकीलसाहेब, गाडी बंद होती," आप्पा म्हणाले.

"बंद गाडीमुळं माणूस चालायचा थांबतो होय?" वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"जावई. गाडी यांनीच दुरुस्त केली."

"असं! नाव काय आपलं?"

"हरेश्वर नाखवा," मी म्हणालो.

"नाखवा..." वकिलांनी ते आडनाव तोंडात घोळवलं. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे नेमके कुणातले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"आमच्यातले," ते म्हणाले.

बाकाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे सरकले आणि मला बसायला जागा करून दिली. दुकानातून चहा आला. आप्पांनी त्यांना फरशीवरच्या चित्रांबद्दल सांगितलं, बंबातल्या नळीबद्दल सांगितलं, मला बोट लागते हेही सांगितलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. जेटबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत.

निघताना आप्पांनी ऐटीत किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारली. बाकावरची मंडळी टक लावून बघत होती आणि आप्पांचे कान लाल व्हायला लागले होते. मी उतरलो आणि मागून ढकलायला लागलो. चढ होता, येझदी जड. तेवढ्यात शेजारी कुणीतरी खांदा लावला. बघतो तर वकील, कोट सावरत, दात आवळून ढकलत होते.

"दुसऱ्या गिअरात टाका, शेटे! दुसऱ्यात!"

आप्पांनी क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला, धडाडली आणि सुसाट निघाली. काळा धूर आमच्या दोघांच्या तोंडावर आला.

"बसा! बसा लवकर!" आप्पा मागे न बघता ओरडत होते. "थांबलो तर परत बंद पडंल!"

मी बाजारपेठेतून धावत सुटलो. पळता पळता सीटला हात लागला, एका ढांगेत वर चढलो आणि त्यांच्या खांद्याला घट्ट धरलं. मागे वकील धुरात उभे राहून खोकत होते आणि हात हलवत होते. आप्पा मोठमोठ्यानं हसत होते, इतके की हँडल हलत होतं, आणि गाडी रस्ताभर वेडीवाकडी होत घराकडे चालली होती.